काकूची बाजू

त्या कादंबरीतल्या काकूचं आणि माझं पहिल्या दिवसापासून वाजलं.

कादंबरी माझ्या भाचीची, म्हणजे नणंदेच्या मुलीची. ती तेव्हा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती, मराठी विषय घेऊन, आणि ही जुनी, नावाजलेली कादंबरी तिला अभ्यासाला होती. नाव सांगत नाही. पुढे मी त्या पुस्तकाबद्दल जे बोलणार आहे ते मराठीच्या मास्तरलोकांना झोंबेल, आणि उगाच कुणाच्या तोंडी कोण लागणार. गोष्ट एका पोरक्या मुलीची. आई गेलेली, बाप दूर कुठेतरी, मुलगी काकाकडे वाढते. काका म्हणजे गरीब गाय. काकू मात्र कजाग, तोंडाची फटकळ, आणि मुख्य म्हणजे ती मुलीला बापाकडे जाऊ देत नाही. बाप बोलावतो, ही अडवते. मुलगी आतल्या आत जळते, शिकते, मोठी होते.

भाचीला मोठ्यानं वाचल्याशिवाय काही डोक्यात शिरायचं नाही. आमचं घर टेमघरला, आणि घराला लागून मागे आमची कापड विणायच्या लूमची शेड. स्वयंपाकघरातून सरळ दार शेडमध्ये. लूम चालू असले की वाचणं सोडा, स्वतःचा खोकला स्वतःला ऐकू येत नाही. म्हणून ती शुक्रवारी वाचायची, कारण शुक्रवारी लूमला सुट्टी. ती ओट्यावर बसून वाचायची आणि मी समोर तांदूळ निवडत ऐकायचे. काकू आली की तिचा आवाज चढायचा, आणि मान वर करून एकदा माझ्याकडे बघायची. मी काय दुधखुळी आहे? मला कळत होतं, काकू म्हणजे कोण ते.

माय मरो, मावशी जगो, असं म्हणतात. मामीबद्दल चांगलं कुणीच काही म्हणून ठेवलेलं नाही.

आता मागचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. भाची चार वर्षांची असताना माझी नणंद गेली. कावीळ झाली, अंगावर काढली, आणि बघता बघता माणूस हातचं गेलं. बाराव्याचं जेवण आमच्याकडेच झालं. पानं उचलली, आणि पोरीच्या बापानं माझ्या नवऱ्याला अंगणात बाजूला बोलावलं. मी पातेली घासत होते, मला सगळं ऐकू येत होतं. म्हणाला, मला पुढं लग्न करायचंय, वय काही गेलं नाही माझं, पण घरात लेकरू आहे म्हटल्यावर कोण मुलगी देणार. तुमच्या बहिणीची आहे, तुम्ही सांभाळा, मला आता हिचं काही विचारू नका. एवढं बोलून त्यानं चपला घातल्या. पोर ओट्यावर बसून केळं खात होती. तिच्या डोक्यावर हात ठेवायलासुद्धा तो थांबला नाही. पुढे वापीला कंपनीत लागला, लग्न केलं, दोन मुलगे झाले. फोन नाही, सणावाराला निरोप नाही, काही म्हणजे काही नाही.

मला मूल झालं नाही. होणार नाही हे तोवर कळून चुकलं होतं. पोर घरात आली तशी राहिली.

ती दुसरीत असेल तेव्हाची गोष्ट. शाळेतून आली ती सरळ चुलीपाशी. मी भाकऱ्या करत होते. रडत नव्हती, नुसती खांबाला टेकून उभी. वर्गातली एक मुलगी म्हणाली होती, तुझ्या बापानं तुला टाकली. टाकली म्हणजे काय, असं तिनं मला विचारलं, आणि ते खरं आहे का असंही विचारलं. विचारताना तिची मान अशी खाली गेली होती, की मला ती बघवेना. मला गोड बोलता येत नाही. कुशीत घेऊन समजूत काढणं हे तर आमच्या माहेरातच कुणाला जमत नव्हतं. उचलली जीभ, लावली टाळ्याला. मी म्हटलं, "टाकली? तो दर वर्षाला येतो भांडाया. मीच पाठवत न्हाय तुला. घरात कामाला कोन हाय मला?"

आणि काय सांगू, पोरीची मान वर आली. डोळे असे रोखले माझ्यावर की भाकरी तव्यावर करपली. दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन तिनं त्या मुलीला सुनावलं, माझा बाबा मला न्यायला येतो, माझी मामी वाईट आहे म्हणून. तेव्हापासून पुन्हा कधी मान खाली घालून ती घरी आली नाही.

नवरा म्हणाला, तू आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतलास. पडला तर पडला. नकोशी असण्यापेक्षा अडवून ठेवलेली असणं केव्हाही बरं. नकोशीला कुणाशी भांडता येत नाही. अडवलेलीला निदान अडवणारीशी भांडता येतं. ती माझ्याशी भांडत वाढली. मी उठ म्हटलं की ती बसायची. मी म्हटलं पोळ्या शीक, की ती पुस्तक उघडायची. मला दाखवायचं म्हणून पहिला नंबर आणायची. गावातल्या बायकांना तिनंच सांगितलं असणार, कारण पाणवठ्यावर, लग्नात, हळदीत माझ्या कानावर यायचं: स्वतःचं झालं नाही म्हणून दुसऱ्याचं दाबून बसली. मी ऐकून घ्यायचे आणि त्यांच्याच ताटात जास्त वाढायचे, खा मेल्यांनो म्हणून.

तर ती कादंबरी. कॉलेजातल्या मॅडमनी तिला प्रकल्प दिला होता: नायिकेची जडणघडण नातेसंबंधांतून कशी होते. महिनाभर घरात जडणघडण, जडणघडण. एका शुक्रवारी तिनं लिहिलेलं वाचून दाखवलं. मला नाही, मामाला. पण माझ्या कानावर पडेल अशा बेतानं. लिहिलं होतं की काकाच्या मायेनं ती मुलगी जगली खरी, पण घडली ती काकूच्या अडवणुकीनं. आणि तिला उभं ठेवलं ते बापानं, कारण कुणीतरी आपल्याला बोलावतंय एवढं माहीत असलं की माणूस कुठल्याही घरात दिवस काढतो. मामानं छान, छान म्हणून मान हलवली आणि चोरट्यासारखं माझ्याकडे बघितलं.

मी म्हटलं, एवढं जाड पुस्तक लिहिलं, त्या बाईला एकदा तरी बोलू द्यायचं होतं लेखकानं.

भाची म्हणाली, "बोलते की. पानोपानी बोलते."

"ओरडते. बोलत न्हाय," मी म्हटलं, आणि तांदूळ घेऊन आत गेले. माझ्या जिवाचा नुसता तळतळाट झाला होता.

त्यानंतर आठवडाभरात वापीहून फोन आला.

फोन नवऱ्याच्या मोबाइलवर आला. तो शेडमधून बाहेर आला तेव्हा त्याचं तोंड पांढरंफटक. पोरीचा बाप म्हणत होता, मुलगी मोठी झाली, आता ती आपल्या घरी असायला हवी. कंपनीत ओळख आहे, नोकरी लावतो. दोन चांगली स्थळंही आहेत. इतक्या वर्षांनी माया कुठून पाझरली ते आम्हांला दुसऱ्या दिवशी कळलं. त्याची मोठी बहीण इथे जवळच कोन गावात राहते. तिच्या शेजारी माझ्या नवऱ्याचा मावसभाऊ. त्यानं सांगितलं, त्याच्या दुसऱ्या बायकोला अर्धांगवायू झालाय, अंथरुणातून उठता येत नाही, मुलगे शाळेत जातात, घरात करणारं कुणी नाही. झालं. बिनपगारी बाई पाहिजे होती, आणि ती आमच्याकडे आयती वाढवून तयार होती.

पण तोवर त्यानं भाचीलाही फोन केला होता. ती गच्चीवर जाऊन बोलली. खाली आली तेव्हा तिचा चेहरा मी कधी बघितला नव्हता असा होता. मी तिला वीस वर्षांची पोरगी समजत होते, पण जिना उतरून आली ती चार वर्षांची.

मी तिला त्या आजारी बाईबद्दल सांगितलं. म्हटलं, परीक्षा तोंडावर आली, तिकडं गेलीस की भांडी आणि गू-मूत काढण्यात जन्म जाईल, परीक्षेला पाठवणार नाहीत तुला. ती शांतपणे म्हणाली, तू असंच काहीतरी सांगणार हे मला माहीतच होतं. आणि ती आजारी असेल तर मी जायलाच हवं ना, माझंच घर आहे ते. इतकी वर्षं मीच तिला शिकवलं होतं, की मामी खोटं बोलते आणि बाप खरा.

नवरा म्हणाला, आता सांगून टाकू. एका वाक्याचं काम आहे. मी त्याला देवाची शपथ घातली. सांगितलं तर ती जाणार नाही, हे खरं. पण मग ती कोण राहील? जिच्या जोरावर ती वाढली तो बाप नव्हताच, हे कळल्यावर त्या पोरीच्या अंगात काय उरेल? आणि नाही सांगितलं तर ती जाईल, परीक्षा बुडेल, आणि तिकडे त्या घरात तिला आज ना उद्या कळेलच, तेही एकटीला. इकडे आड, तिकडे विहीर. मी ठरवलं, जाऊ दे. निदान मान वर करून जाईल. बॅग मीच भरली. कपडे, सुकट, लसणाची चटणी, आणि अगदी तळाला अभ्यासाची पुस्तकं, बापाच्या नजरेला पडणार नाहीत अशी. ती कादंबरी तेवढी राहिली. ती तिच्या उशाला होती, आणि उशीखालचं काढायला माझा हात धजावला नाही.

मंगळवारी ते आले. कोनहून रिक्षा करून, बाप आणि त्याची बहीण. केस काळे केलेले, पोट सुटलेलं, कपाळावर घाम. खरं सांगायचं तर मला वाटलं होतं तेवढा तो राक्षस दिसत नव्हता. थकलेला दिसत होता. भाचीनं वाकून नमस्कार केला आणि त्याच्यासमोर पाटावर बसली. नवरा बाहेर आलाच नाही. शेडमध्ये लूमवर सुताचा बीम चढवायचाय म्हणून आत जाऊन राहिला.

मग पोरीनं ते विचारलं. किती वर्षं मनात ठेवलं असेल कुणास ठाऊक. म्हणाली, "बाबा, तुम्ही दर वर्षी यायचात ना? मला न्यायला?"

मला वाटलं, संपलं. तो गोंधळला. त्यानं पोरीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी चहाचं भांडं धरून दारात उभी. आणि त्याच्या डोळ्यांत मला दिसलं, की ह्याला कळलं. मी काय सांगून ठेवलंय ते कळलं, आणि ते आपल्या सोयीचं आहे हेही कळलं. तो म्हणाला, यायचो की. पण तुझ्या मामीपुढं कुणाचं चालतंय? बहिणीनं लगेच पदर डोळ्याला लावला: किती रडायचा गं तुझा बाप, तुझं नाव घेऊन घेऊन.

मेल्यांनो! मी मारलेली थाप, मी तेरा वर्षं शिव्या खाऊन जपलेली, आणि हा बाप्या ती शालीसारखी अंगावर घेऊन बसला. मी भांडं खाली ठेवलं आणि तडक शेडमध्ये गेले.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आम्ही लूमवाले लोक मनातलं बोलायला लूमच्या मध्ये जातो. भिंतीला कान असतात म्हणतात, पण लूम चालू असताना आमच्या भिंती बहिऱ्या. कानाशी तोंड नेऊन बोंबलायचं, पलीकडच्या माणसाला पत्ता लागत नाही. नवरा-बायकोची भांडणं, घरातली उखाळीपाखाळी, सगळं तिथेच. फक्त एक सांभाळायचं, लाइट. आमच्या शेजारणीनं एकदा सासूला शेलक्या शिव्या देताना मध्येच लाइट गेली होती. सासू बाजूच्याच खोलीत. पुढे कितीतरी दिवस दोघींच्या चुली वेगळ्या होत्या. आम्ही सगळ्या हसलो होतो तिला.

नवरा बीमपाशी उभा होता. काम करत नव्हता, नुसता उभा. मी त्याच्या कानाशी तोंड नेऊन आत काय झालं ते सांगितलं. तो तापट नाही, पण त्याचा चेहरा फिरला. मी जाऊन सांगतोच आता, असं ओरडून तो निघाला. मी त्याचा शर्ट धरला आणि सगळा जीव गोळा करून किंचाळले, "न्हाय सांगायचं! बाराव्याच्या दिसाला त्यानं तिला टाकली, पुन्हा वळून बघितलं न्हाय, हे तिला मरेस्तोवर कळाया नको! मी वाईट हाय ती वाईटच बरी!"

लाइट कुठल्या शब्दाला गेली ते मला आजही सांगता येणार नाही. पंखा मंदावला, लूम खडखडत थांबले, आणि मी माझा स्वतःचा आवाज ऐकला. लाइट गेली की लूम थांबायला थोडा वेळ लागतो. माझं तोंड थांबायला त्याहून जास्त लागला.

पलीकडच्या लूमवर आमचा कारीगर होता, आझमगढकडचा. आमची मराठी त्याला आता पूर्ण कळते. त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. हातातली सुताची कांडी खाली ठेवली आणि मागच्या दारानं निघून गेला.

मी स्वयंपाकघरातून पुढच्या खोलीत आले. कुणीच हललेलं नव्हतं. भाची पाटावर तशीच बसलेली, पण मान आता बापाकडे. तिनं त्याला एवढंच विचारलं, खरं आहे का. बाप म्हणाला, तेव्हाची वेळच तशी होती. बहीण म्हणाली, आता जुनं उकरून काय मिळणार आहे. भाची उठली. कपबशा गोळा केल्या, मोरीत नेऊन ठेवल्या, परत आली आणि म्हणाली, तुम्ही आज जा. तो उठला. दारात थांबून म्हणाला, मी चुकलो असेन, पण घर तुझंच आहे. विचार कर, मी फोन करतो. ह्या वेळेला त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवायला हात पुढे केला. तिनं डोकं मागे घेतलं नाही, पण पुढेही केलं नाही. हात तसाच खाली गेला.

रिक्षा गेली. मला वाटलं, आता ती रडेल, मग मी काहीतरी करीन, निदान पाणी देईन. ती माझ्याकडे वळली, आणि तिच्या डोळ्यांत मला बघून जी आग होती ती बापाला बघतानाही नव्हती. म्हणाली, "त्यानं एकदाच फसवलं. तू रोज फसवलंस. आता मी राग कुणाचा करू, ते तरी सांग."

बॅग दाराशी भरलेली तशीच उभी राहिली.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. ती कॉलेजला जायची, यायची, आपलं ताट वाढून घ्यायची, आमच्याआधी किंवा आमच्यानंतर जेवायची. बॅगेला हात लावायची नाही. मी झाडू मारताना बॅग उचलून बाजूला ठेवायचे आणि झाडून झालं की पुन्हा तिथेच. बापाचा फोन यायचा. ती उठून रस्त्यावर जायची बोलायला, ट्रक-टेम्पोच्या गर्दीत, आणि मला खिडकीतून तिची नुसती पाठ दिसायची. नवरा म्हणाला, जाईल ती. मी म्हटलं, कशाला जाईल, आता तर सगळं कळलंय. तो म्हणाला, कळलंय म्हणूनच. इथं तरी तिचं काय हाय, असं वाटत असेल तिला. आमचा हा माणूस कधी बोलत नाही, पण बोलतो तेव्हा नेमकं वर्मावर बोट ठेवतो.

गुरुवारी दुपारी ती कॉलेजला गेल्यावर मी तिच्या उशाची कादंबरी काढली. मला वाचायची सवय नाही. बारावीपर्यंत शिकले, पुढे लग्न, पुढे लूम. पण मला त्या काकूचं शेवटी काय होतं ते बघायचं होतं. भाचीनं शेवट कधी मोठ्यानं वाचला नव्हता. पानं उलटत उलटत गेले. मुलगी शहरात जाते, मास्तरीण होते, कितीतरी वर्षांनी गावी परत येते. काका ओट्यावर बसलेला. आणि तिथे एक ओळ होती, की काकू त्या वर्षीच्या तापात गेली. एकच ओळ. पुढच्या ओळीत लगेच आंब्याला मोहोर.

मला इतका संताप आला, की पुस्तक भिंतीवर मारावंसं वाटलं. अख्खं पुस्तकभर जिच्या नावानं खडे फोडले, तिला एका ओळीत ताप आणून मारली? मेली ती कशानं गेली, तिला शेवटी कुणी पाणी पाजलं, काही नाही? मोहोर म्हणे! मग माझाच राग माझ्यावर उलटला. म्हटलं, बाई, तुझं तरी काय वेगळं होणार आहे? ही पोरगी वापीला जाईल, नाहीतर कुठे जाईल, आणि तुलाही अशीच एका ओळीत संपवेल. आणि चूक तिची नसेल. तू तरी तिच्याशी कधी बोललीस? ओरडलीस फक्त.

शुक्रवारी लूम बंद. गल्लीत एवढं शांत की शेजारच्या कुकरची शिट्टी आपल्याच घरात झाल्यासारखी वाटते. अशा दिवशी आमच्याकडे कुणी मनातलं बोलत नाही, सगळ्यांना ऐकू जातं. ती ओट्यावर बसली होती. मी जाऊन समोर बसले. हातात तांदूळ नाही, काही नाही. हात कुठे ठेवावेत ते कळेना.

म्हटलं, ती काकू शेवटी मरते, हे तू मला सांगितलं नाहीस.

तिनं पाय ओट्यावर ओढून घेतले. मग म्हणाली, तुला वाईट वाटलं असतं.

म्हणजे हिनंही लपवलं होतं. माझ्यासाठी. मी काही बोलणार, तोच तिनं बोलायला सुरुवात केली, खाली फरशीकडे बघत. म्हणाली, त्यानं टाकलं ते मी समजू शकते, मामी. माणसं टाकतात. पण मग मी तुमच्या गळ्यात पडले ना? तुम्ही मला मागून घेतलं नव्हतं. कुणीतरी दाराशी सोडून गेलं, तुम्ही आत घेतलं, एवढंच. लहानपणापासून मला वाटत होतं की मला दोन घरं ओढतायत. एकही ओढत नव्हतं. आणि हे बोलताना तिची मान खाली गेली, त्या दुसरीतल्या दिवसासारखी, जी मी आयुष्यभर पुन्हा बघायची नाही म्हणून एवढं सगळं केलं होतं.

मी म्हटलं, "गळ्यात? अगं, तो अंगणात बोलत व्हता ना, पोर तुम्हीच सांभाळा म्हणून, तवा मी पातेली घासत मनात देवाला हात जोडत व्हते, की ह्याचं मन बदलू देऊ नको. तुझी आई जाऊन बारा दिस झालेले, सगळे रडत व्हते, आन मला आतून आनंद झाला व्हता. लाज वाटती सांगायला. लोक बोलतात ते खरंच हाय, मी दाबूनच बसले. तो दुसऱ्या दिवशी परत मागाया आला असता तरी मी दिली नसती तुला. कोर्टात गेला असता तरी न्हाय."

शेजारच्या खिडकीत कुणीतरी उभं होतं. असू दे.

तिनं मान वर केली. डोळे भरले होते, पण आवाज तोच, भांडायचा. "मग आता का दिलीस? बॅग कुणी भरली? चटणीसुद्धा घातलीस."

"तवा तो मागणार व्हता," मी म्हटलं. "आता तू मागत व्हतीस."

ती उठली, दाराशी गेली, बॅगेची चेन उघडली आणि एकेक कपडा काढून कपाटात कोंबायला लागली. मी बसल्या जागेवरून म्हटलं, नीट घड्या घाल, इस्त्री कोण करणार आहे मग.